पासष्ट मिलिमीटर

हिंगोलीत आम्हा दोघांच्या दिवसाची सुरुवात पावसाळ्यात हल्ली एका आकड्याने होते. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक; पावसाशी आमचा व्यावसायिक संबंध म्हणाल तर मेघदूताच्या मराठी अनुवादांपुरता. परंतु 2017 पासून महावेध प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आणि रात्रीचा पाऊस मिलिमीटरांत समोर येऊ लागला. वर सेनगावकडे जोरदार पाऊस नोंदला गेला असेल, तर कयाधूकाठच्या गावांतील मुले आज तासाला येणार नाहीत, हे हजेरीपूर्वीच उमगते. जूनमध्ये गावाकडून मामांचा फोन येतो : पेरावे का? त्यांच्या मते मृग बरसला आहे. आम्ही मंडळातील बेरीज पाहतो आणि 75 ते 100 मिलिमीटर होईपर्यंत थांबा, हा कृषितज्ज्ञांचा सल्ला पुढे सरकवतो. मामा थांबतात, पण मातीत बोट खुपसून ओल पाहिल्यावरच.

आम्हांला कुतूहल वाटले ते शब्दांचे. अतिवृष्टी हा शब्द आम्ही वर्षानुवर्षे शिकवला : सहा ईतींमधली पहिली, पिकावरचे संकट. आता महसुली भाषेत तिला हद्द आहे. मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून अधिक. आपल्याकडे जिला झड म्हणतात, तिलाही 2023 मध्ये ‘सततचा पाऊस’ या नावाने आपत्तींत स्थान मिळाले. सलग 5 दिवस, रोज किमान 10 मिलिमीटर, अशी तिची अट. तरणा पाऊस आणि म्हातारा पाऊस मात्र अद्याप कोणत्याही तक्त्यात नाहीत, हे एक बरे आहे.

कळमनुरी तालुक्यातील आमची एक विद्यार्थिनी वडिलांच्या अर्जाचा मसुदा घेऊन आली. “सर, मॅडम, शुद्धलेखन तेवढं बघा.” ओढ्याने सोयाबीन मातीसकट नेले होते. तिने लिहिले होते, ‘आभाळ फाटलं.’ आम्ही ते खोडले. अर्जात अलंकार नको, आकडा लिही, असे अधिकारवाणीने सांगितलेही. आकडा काढला, तर 65 ला जेमतेम दोन मिलिमीटर कमी. केंद्र तिच्या शेतापासून बरेच लांब. तिथे जेवढा पाऊस पडला तेवढा त्याने मोजला. यंत्र खोटे बोलले नव्हते. तिचे वाक्यही खोटे नव्हते.

“अंगणात पत्र्याचा डबा होता,” ती म्हणाली, “सरळ कडांचा. सकाळी त्यात चार बोटं पाणी होतं.”

आम्ही पट्टी काढून तिचीच चार बोटे मोजली. वडिलांच्या बोटांहून ती बारीकच असणार. तरी 7 सेंटिमीटर भरली. म्हणजे 70 मिलिमीटर. डब्याची नोंद कोण मानणार, हे आम्हांला ठाऊक होते आणि तिलाही. तरीही ती अर्जात घातली, आणि तिच्यावर ते खोडलेले वाक्य आमच्या हस्ताक्षरात पुन्हा लिहून दिले.

अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही. डबा तिच्या घरी आहे, आतल्या बाजूने गाळाची एक रेघ उरलेली आहे.