आईचं इन्सुलिन आणि जपानची आग

मार्च 2021. सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' जहाज अडकलं, जपानात रेनेसासच्या चिप कारखान्याला आग लागली. दोन्ही बातम्या मीच आतल्या पानावर चार ओळींत उरकल्या. आपल्या तालुक्याचा काय संबंध?

जूनमध्ये घरचा फ्रिज बंद. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, बोर्ड गेलाय, अन् कंपनीकडं बोर्डच नाही. चिपा येईनात." नवीन घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणतो, "पैसे भरून ठेवा, माल आला की फोन करतो."

आणि आईचं इन्सुलिन? डबीत बंद करून माठात. फ्रिज यायला ऑगस्ट उजाडला. तोवर ती रोज सकाळी आधी माठाला हात लावून बघायची, मग चहा.

डिसेंबरात केंद्राने चिपसाठी 76 हजार कोटींची योजना मंजूर केली. ती बातमी मात्र मी भांडून पहिल्या पानावर घेतली.