जुना ट्रक घेण्याआधी कसारा घाट उतरून या

वाचकहो, एखाद्या साली कांद्याचे चार पैसे गाठीला राहिले, की ओट्यावर एक विषय हमखास निघतो. ‘दरवेळी दुसऱ्याच्या गाडीला भाडं मोजायचं, त्यापेक्षा आपलीच गाडी का नको? नवी परवडत नसेल, पण जुनी दहा टायरी तर येईल!’ आमच्या घरीही तो निघाला. धाकट्या भावाने नाशिकजवळ आडगावला 2014 सालची एक गाडी हेरून ठेवली. इसाराचे पंचवीस हजार भावजयीने रुमालात बांधून दिले आणि मला म्हणाली, “दादा, गाडी नुसती बघून येऊ नका. तिच्यात बसून मुंबईपर्यंत जाऊन या, मग पैसे द्या.”

तुमच्याही घरी असा विचार चालू असेल, तर चला आमच्याबरोबर. वाट सगळी आपल्या मुंबई-आग्रा रस्त्याचीच आहे.

आडगावच्या ट्रक टर्मिनसला सकाळी गेलात तर ओळीने उभ्या गाड्या दिसतील. कुणाचा टायर उतरलेला, कुणाच्या कमानीचे पाटे खोललेले, कुठे वेल्डिंगच्या ठिणग्या. आमची गाडी मात्र नवरीसारखी नटलेली होती. ताजा रंग, आरशाला गोंडे, पुढे लिंबू-मिरची. भाऊ तर बघताक्षणीच हरखला. पण आम्ही गावचा म्हातारा मिस्त्री बरोबर नेला होता. त्याने रंगाकडे पाहिलेही नाही. आधी इंजिनावर हात ठेवला. ते थंड आहे याची खात्री केली आणि मगच गाडी चालू करायला लावली. गरम इंजिन कुणाचेही चालू होते, थंड इंजिन खरे बोलते. धूर निळसर आला तर इंजिन ऑइल पीत आहे असे समजा. काळा आला आणि थांबेना, तर डिझेल नीट जळत नाही. पांढरा येतच राहिला तर पाणी आत शिरत असेल. आमच्या गाडीचा धूर बरा निघाला. मग मिस्त्री खाली शिरला आणि कमानीजवळ चेसिसच्या पट्टीवर त्याला वेल्डिंगची जुनी शिवण सापडली. “हिने कधीतरी झेपेना एवढं ओझं वाहिलंय,” एवढेच तो म्हणाला.

गाडी त्याच रात्री पिंपळगाव बसवंतहून कांदा घेऊन वाशीला निघणार होती. मालकाने आम्हा दोघा भावांना केबिनमध्ये बसू दिले.

पिंपळगावला गोण्या भरताना पहिला धडा मिळाला. 2018 साली सरकारने दहा टायरी गाडीची एकूण वजनमर्यादा 25 टनांवरून 28.5 टनांवर नेली. पण जुन्या गाडीच्या आरसी बुकात जो आकडा लिहिलेला असेल, तोच तिचा. आमच्या गाडीच्या बुकात 25 टनच होते. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करा, म्हणजे कायद्याने माल किती नेता येतो ते कळेल. नव्या गाडीपेक्षा साडेतीन टन माल कमी. म्हणजे 50 किलोच्या 70 गोण्यांचे भाडे दर खेपेला कमी मिळणार.

नाशिक मागे पडले, घोटी गेली, इगतपुरीचा गार वारा लागला. पुढे कसारा घाट. या घाटाची ताकद आगगाडीलाही ठाऊक आहे. 1865 साली इथून रेल्वे सुरू झाली. 37 फुटांना 1 फूट असा तिचा चढ आहे आणि तो चढायला जड गाड्यांना मागून जादा इंजिने लावायची रीत पडली. तिथे आमची ही अकरा वर्षांपुढची म्हातारी कांद्याने भरून उतरणार होती! ड्रायव्हर म्हणाला, “ज्या गिअरात घाट चढायचा, त्याच गिअरात उतरायचा. नुसत्या ब्रेकवर गाडी सोडली की ड्रम तापतात आणि ऐन वेळी ब्रेक धरत नाहीत.” तो जपूनच उतरवत होता. तरी प्रत्येक ब्रेकला गाडी डावीकडे ओढत होती आणि हवेच्या दाबाचा काटा जरा जास्तच खाली येत होता. आडगावच्या सपाट मैदानात हे आम्हाला कधीच कळले नसते. भावाचा हात खिशातल्या रुमालावर होता. घाट संपेपर्यंत त्याने तो काढला नाही आणि तो बोललाही नाही.

आता समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 पासून खुला झाला आहे. बोगद्यातून गेले की घाट टळतो. पण तिथला टोल हिशेबात धरावा लागतो.

पहाटे वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माल उतरला. खरी परीक्षा पुढेच होती. परतीला काय? दलालाकडे ड्रायव्हरने खेटे घातले, दिवस गेला, रात्र गेली. दुसऱ्या दिवशी अर्ध्या गाडीचा माल मिळाला, तोही पडत्या भाड्यात. ड्रायव्हरच्या हिशेबाने जाताना पन्नास लिटर डिझेल लागले. येताना गाडी रिकामी असती तरी पस्तीस-चाळीस लागलेच असते. थांबलेल्या दिवसाचाही ड्रायव्हरचा भत्ता आणि बँकेचा हप्ता चालूच असतो.

घरी येऊन आम्ही कागद मांडले. ते तुम्हीही असेच मांडा. गाडी आठ वर्षांपुढची असेल तर पासिंग दरसाल करावे लागते. राष्ट्रीय परवान्याला गाडीच्या वयाची अट असते, तेव्हा तो किती वर्षे मिळेल हे आधी आरटीओत विचारा. आमची गाडी बीएस-3 होती. बाहेरच्या राज्यांत नोंदलेल्या अशा मालगाड्यांना 1 नोव्हेंबर 2025 पासून दिल्लीत प्रवेश नाही. म्हणजे दिल्लीचे भाडे गेलेच. आरसीवर कर्जाचा बोजा आहे का ते पाहा. तो उतरवायला बँकेचा दाखला आणि फॉर्म 35 लागतो. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि उमटलेला नंबर बुकाशी ताडून बघा. विम्याची तारीख आणि थकलेले दंडही पाहा.

एवढे सगळे झाल्यावर भावजय चुलीपुढून म्हणाली, “2023 च्या डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे महिन्यात उघडली. त्या पाच महिन्यांत ही गाडी दारात असती तर?”

भाऊ गप्प झाला. वाचकहो, सगळ्या हिशेबाचे मर्म या एका प्रश्नात आहे. जोडधंदा असा हवा, की शेती बसली तरी तो उभा राहील. नुसता आपलाच कांदा वाहणारी गाडी त्याच दिवशी बसते, ज्या दिवशी कांदा बसतो. भाव पडतो, बाजार बंद राहतो, निर्यात थांबते. हप्त्याला मात्र यातले काही कळत नाही.

म्हणून जुनी गाडी घेऊच नका असे मी म्हणत नाही. घरात ड्रायव्हर असेल, बारा महिने दोन्ही बाजूंचे भाडे बांधलेले असेल आणि दोन महिन्यांचे हप्ते व एक इंजिनकाम भागेल एवढी रक्कम बाजूला असेल, तर जरूर घ्या. पण सारी पुंजी गाडीच्या किमतीतच ओतू नका आणि जमीन तर तारण ठेवूच नका.

आमच्या भावाने रुमाल सोडला नाही. तसाच भावजयीच्या हाती दिला. ती तो डब्यात ठेवायला वळली, तेव्हा तो म्हणाला, “आधी परतीचं भाडं शोधतो, गाडी मग बघू.”