बंबाचा कोपरा

नागपुरातल्या महाल भागातलं आमचं घर पणजोबांनी बांधलं. दीड हात रुंद मातीच्या भिंती, सागवानी माळा, त्यावर मातीचा थर आणि वर कवेलू. थंडीत पाणी तापवायची आणि उन्हाळ्यात माणसांना गारवा द्यायची साधनं या घरात पिढीगणिक बदलत गेली. दर नव्या साधनाने आपली जागा मागितली आणि ती देताना घरातल्या माणसांच्याही बसण्या-निजण्याच्या जागा हलल्या.

सर्वांत जुना मान बंबाचा. परसात न्हाणीला लागून त्याचा कोपरा होता. शेतावरून आलेल्या पऱ्हाट्या आणि तुराट्या आजी त्यात सारायची. त्या भडकन पेटतात, पण टिकत नाहीत. म्हणून मागून बाभळीचा एक ढलपा. तांब्याच्या अंगावरची काजळी चिंच-राखेने निघायची, तरी बुडाची कधीच पुरती गेली नाही. चूल, बंब, धान्य उकडायची भट्टी, सगळी आग घराच्या पाठीला आणि निजायच्या खोल्या तिच्यापासून लांब. ही मांडणी कुणी कागदावर काढली नव्हती, पण ती विचारपूर्वक केलेली होती याबद्दल मला शंका नाही.

उन्हाळ्यात ओसरीच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लागत. दुपारी त्यांवर पाणी मारायचं काम आम्हा पोरांचं. मग वडिलांनी पत्र्याचा कूलर करवून आणला. नागपूरच्या माणसाला कूलरबद्दल काय सांगायचं! होळी झाली की तो खाली उतरणार, टाकीला आतून रंग, नव्या ताट्या, टुल्लू पंप साफ, पंख्याला तेल. वडील त्याची अर्थिंगची तार दरवर्षी स्वतः तपासत आणि पाणी भरायच्या आधी प्लग काढायला लावत. विदर्भात आजही दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात. टाकीत हात घालताना लहान मूल जातं, ओल्या हाताने पत्र्याला टेकलेली बाई जाते. एका चांगल्या अर्थिंगने यातले कितीतरी जीव वाचतील, ही गोष्ट जितक्यांदा सांगावी तितकी थोडीच.

कूलर माजघराच्या उत्तरेच्या खिडकीत बसला आणि समोरची दक्षिणेची खिडकी उघडी ठेवायचा नियम झाला. आत आलेल्या ओलसर हवेला बाहेर जायला वाट हवीच. नाही तर तासाभरात खोली चिकट होते. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता हवेतून ओढून घेतं, एवढंच या यंत्राचं भांडवल. मे महिन्यात पारा 45 वर आणि हवा कोरडी ठणठणीत असली, तर कूलर तीच हवा तिसाच्या आसपास आणून सोडतो. पावसाळ्यात हवा आधीच ओली असते, तेव्हा तो नुसता पंखा उरतो. आमचं सारं घर त्या झोतापुढे निजायचं. आजी सर्वांत जवळ, मग पाहुणे, मग आम्ही, आणि वडील उंबऱ्यापाशी, कारण रात्री उठून पाणी तेच भरत.

गीझर आला तेव्हा न्हाणीघर आत सरकलं आणि बंब माळ्यावर गेला. परसाचा तो कोपरा मोकळा पडला. तिथे कुणी सायकल लावायचं, कुणी कुंड्या ठेवायचं.

2013च्या मे महिन्यात नागपुरात 47.9 अंशांची नोंद झाली. त्यानंतरच्या उन्हाळ्यांत आईला कूलर पुरेना. दिवसाची लाही ती सोसायची, पण जुलैतली घुसमट तिला सोसवेना. शेवटी तिच्या खोलीत एसी घ्यायचं ठरलं. यंत्र निवडायला फार वेळ लागला नाही. खोली बेताची, वर माळ्याची माती आहे, भिंती जाड आहेत, म्हणून एक टन पुरेल असं गणित निघालं. टन म्हणजे यंत्राचं वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता बाहेर काढायची ताकद.

घोळ झाला तो बाहेरच्या युनिटच्या जागेवरून. बसवायला आलेल्या मुलाने बोळाकडची पश्चिमेची भिंत दाखवली. तिथून पाइप सर्वांत कमी लागणार होता. पण बोळ जेमतेम तीन फुटांचा आणि पलीकडे शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी. आमच्या खोलीतून काढलेली उष्णता, शिवाय कॉम्प्रेसरची स्वतःची, सगळी त्या खिडकीतून भाकरी थापणाऱ्या बाईच्या तोंडावर गेली असती. मला ते मान्य होण्यासारखं नव्हतं. युनिटलाही ते सोसलं नसतं. अरुंद जागेत तेच गरम वारं फिरून फिरून परत ओढलं जातं, गॅसचा दाब चढतो, यंत्र जास्त वीज खातं आणि थंडावा कमी देतं. त्यात पश्चिमेचं ऊन.

‘ताई, मागे न्यायचं तर पाइप लांबते, भिंत पण फोडा लागन,’ तो म्हणाला.

‘लांबू दे,’ आई आतूनच बोलली. ‘बंबाच्या कोपऱ्यात ने, बाप्पा. धग तिथंच जायची पहिल्यापासून.’

मग तसंच झालं. मातीच्या भिंतीला हातोडा लावला असता तर अर्धं पोटच बाहेर आलं असतं. म्हणून कोअर मशीनने भोक पाडलं, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन, आणि आत पाइपाचा तुकडा बसवला, म्हणजे ड्रेनचं पाणी मातीत मुरणार नाही. तांब्याच्या नळीचं टोक त्याने फ्लेअर केलं, नट आवळले, व्हॅक्यूम पंप लावून काट्याकडे बराच वेळ बघत बसला आणि मगच गॅस सोडला. काही कारागीर हा पंप टाळतात. नळीत राहिलेली हवा आणि ओल पुढे कॉम्प्रेसर खाते. याने टाळला नाही, म्हणून मी त्याचा नंबर अजून जपून ठेवला आहे. जुनी लाकडी पट्टीवरची वायर काढून मीटरपासून वेगळी तांब्याची वायर ओढली, स्वतंत्र एमसीबी दिला.

आईची खोली आता बंद असते. खिडकीच्या फटींना पट्ट्या आहेत, माळ्याच्या झरोक्यालाही. आई 26 वर ठेवते आणि वर पंखा हळू लावते. तेवढ्यात तिला शांत झोप लागते. हे सुख तिला मिळालं याचा मला फार आनंद आहे. माजघरातली निजण्याची रांग मात्र मोडली. तेही मला लागतं, आणि त्यावर यंत्राचा उपाय नाही. म्हणून कूलर काढला नाही. पंप नवा घातला, तारा बदलल्या. मार्च ते जून माजघर त्याच्यावरच चालतं, दार उघडं असतं, येणारा-जाणारा तिथेच टेकतो. एसीच्या खोलीचं दार लावूनच कूलर चालवायचा, एवढं सगळ्यांना बजावलं आहे; नाही तर एकाने भरलेली ओल दुसऱ्याला उपसत बसावी लागते.

यंदा बोळापलीकडच्या घरातही एसी येतोय. त्यांना मागे परस नाही, तिन्ही बाजूंनी भिंती. काकूंनी भीतभीतच विचारलं. आमच्या बंबाच्या कोपऱ्यात अजून एका स्टँडची जागा आहे; पाइप बोळावरून, डोक्याच्या पुष्कळ वरून आणायचा. त्याच मुलाला रविवारी माप घ्यायला बोलावलं आहे.