दिवसाची लाईट

तीर्थस्वरूप ताईस,


परवा फोनवर तू म्हणालीस, भाचा विचारतोय की शेतीत आता एआय आलं, मग मामा अजून रात्रीचा पाण्याची दारं धरायला का जातो? त्याचा प्रश्न मला लागला नाही, उलट आवडला. पण फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून हे पत्र. त्यालाही वाचायला दे.

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या लोकांना बरोबर घेऊन उसावर जे काम चालवलंय, त्याबद्दलच तो बोलत असणार. उपग्रहावरून पिकाचं चित्र, रानात उभं केलेलं छोटं हवामान केंद्र, मातीत पुरलेले सेन्सर. या सगळ्याचा हिशेब करून शेतकऱ्याच्या फोनवर निरोप येतो की आज पाणी द्या, आज देऊ नका, अमुक ठिकाणी खत कमी पडलंय. काम मोलाचं आहे. आपल्याकडे उसाला पाणी अंदाजाने सोडतात, सरी तुडुंब भरेपर्यंत, आणि त्यातून किती जमिनी खारवल्या हे तू तुमच्या भीमेकाठी पाहिलंच आहेस. तेव्हा या शास्त्राला माझा विरोध नाही. फक्त भाच्याला एक विचार: सकाळी दहाला फोनवर निरोप आला की पाणी द्या, आणि मोटारीची थ्री फेज लाईट रात्री बारानंतर येणार असेल, तर त्या निरोपाचं मी काय करू?

रात्रीची लाईट शेतकऱ्याच्या वाट्याला का आली, ते त्याला इंजिनिअरिंगच्या पुस्तकात सापडेल. कोळशावरचं वीज केंद्र रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाही, ते जळतच राहतं. सकाळ-संध्याकाळ शहरं आणि कारखाने वीज ओढतात, मध्यरात्री मागणी पडते. ती उरलेली वीज कुठे घालायची? मोटारींना. मग गावठाणाची लाइन वेगळी, शेतीची वेगळी झाली आणि शेतीला पाळी लागली: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री. ग्रिड सांभाळणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हे शहाणपणाचं आहे. पण त्याच्या कागदावर मागणीचा आलेख असतो. अंधारात बांधावर उभा राहणारा माणूस त्यात कुठेच नसतो.

त्याच्या रात्री कशा जातात ते तुला सांगायला नको, आपल्या आबांचं आयुष्य त्यातच गेलं. लाईट कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून लोकांनी स्टार्टरला ऑटो बसवले. लाईट आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एका झटक्यात चालू होतात आणि तो भार डीपीला सोसत नाही. डीपी जळाली की आठवडाभर पीक करपतं. ऑटो काढा, कपॅसिटर बसवा, असं वीज कंपनीची माणसं सांगतात, आणि त्यांचं म्हणणं खरंही आहे. पण ऑटो काढला म्हणजे कुणीतरी लाईटची वाट पाहत विहिरीवर बसायचं. आता मोबाईलवरून मोटार चालू करायची यंत्रं आलीत, त्यांनी मोटारीपर्यंतची चक्कर वाचली. सरीतलं दारं मात्र अजून हातानेच मोडायचं आणि हातानेच बांधायचं.

आणि आता बिबट्या. डिंभे, येडगाव, माणिकडोह ही धरणं झाली, कालवे आले, घोड नदीवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले. जिथे बाजरी आणि मटकी होत होती तिथे ऊस उभा राहिला. बारा-पंधरा महिने न हलणारं, माणूस फारसा आत न शिरणारं, पाण्याजवळचं रान! बिबट्याची मादी तिथेच पिलं घालते, तिथेच ती वाढतात. शेजारी कुत्री, शेळ्या, कालवडी. आज शिरूर, आंबेगाव, जुन्नरच्या उसात जन्मलेल्या बिबट्याने डोंगरातलं जंगल पाहिलेलंच नाही. अकोले भागात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी वर्षानुवर्षं अभ्यास करून हेच दाखवलं की तो माणसांच्या वस्तीत कायमचा राहतो. जुन्नरच्या पिंजऱ्यांतले बिबटे पूर्वी दुसरीकडे सोडले गेले, तेव्हा तिकडचे हल्ले वाढले, हेही त्यांच्याच कामातून पुढे आलं. धरण, मोटार, ऊस, साखर कारखाना. एकेक सुधारणा आपण मागून घेतली आणि ती मिळाली याचं मला वाईट वाटत नाही. पण त्या साखळीच्या शेवटी काय उभं राहील, याचा विचार कुणी केला नव्हता.

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेड परिसरात काय झालं ते तू टीव्हीवर पाहिलंस. तीन आठवड्यांत तीन जीव गेले, त्यात दोन लेकरं. लोकांनी रस्ते अडवले, वनखात्याची गाडी जाळली. गाडी जाळणं चूकच, पण त्या घरांचा आकांत ज्यांनी ऐकला त्यांना तो राग कळतो. मी प्रामाणिकपणे सांगतो, हे तिघे रात्रीच्या भरण्याला गेलेले नव्हते. त्यामुळे दिवसाची लाईट मिळाली की बिबट्याचा प्रश्न सुटला, असं मी म्हणणार नाही. पिंजरे लागतील, घराभोवती कुंपण लागेल, बिबट्या दिसताच भोंगा वाजवणारे एआयचे कॅमेरेही लागतील. ते बसवताहेत, चांगलं आहे. पण बायका-माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जाताना पाहिली आणि वाटलं, इतकी यंत्रं सुचतात आणि बिबट्याच्या फिरण्याच्या वेळेला माणसाला उसात पाठवायचं नाही, हे मात्र सुचत नाही!

वेळेचाच विषय निघाला म्हणून सांगतो, घोडकाठी पाण्याचं शास्त्र नवं नाही. आपल्याच शिरूर तालुक्यात इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 पासून पुढे बरीच वर्षं खोदकाम केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी नदीच्या पुराचं पाणी वळवायला खणलेला पाट तिथे सापडला. पुढे पाऊसमान घटलं तेव्हा त्यांची ऐसपैस चौकोनी घरं गेली आणि लहान गोल खोपटी आली. त्यांची वेळ नदी आणि पाऊस ठरवत होते, त्यांच्याशी भांडता येत नव्हतं. आपली वेळ ऑफिसातल्या वेळापत्रकाने ठरते. माणसाने लिहिलेलं माणसाला बदलता येतं.

तुमच्या दौंडकडेही वेगळं काही नाही. खडकवासल्याचा कालवा यवत, पाटसवरून जातो, पण आवर्तन कधी सुटणार हे पुण्याची तहान किती त्यावर ठरतं. वर मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचं वापरलेलं पाणी प्रक्रिया करून बेबी कालव्यात तुमच्यासाठी सोडतात. पाणी दुसऱ्याच्या सवडीने, वीज दुसऱ्याच्या सवडीने.

यावर उपाय हाताशी आहे म्हणून तर लिहितो. सूर्य दिवसाच तापतो. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीचा फीडर (शेतीची वेगळी लाइन) त्यावर चालवायचा, ही मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये आली. शेजारच्या राळेगणसिद्धीत तिचा पहिला प्रयोग झाला. 2023 पासून तिचा दुसरा टप्पा चालू आहे. जिथे फीडर सौरवर गेला तिथे दिवसा मोटार चालते. अडतं जागेवर. गायरान द्यायचं म्हटलं की मेंढरंवाले विचारतात, आम्ही चारायचं कुठे? त्यांचं म्हणणं ऐकलंच पाहिजे, सगळं गायरान देऊन चालणार नाही. पडीक, खडकाळ तुकडा निवडावा, चराईची वाट मोकळी ठेवावी.

तुमच्या ग्रामसभेत हा विषय येणार आहे असं तू म्हणालीस. ताई, त्या दिवशी घरी थांबू नकोस. वस्तीवरच्या बायकांना घेऊन जा, मेंढरंवाल्यांनाही बोलवा, जागा कुठली ते सगळ्यांनी मिळून ठरवा आणि ठराव लिहून घ्या. भाच्यालाही सुट्टीत गावी बोलाव. फीडरवर मोटारी किती, भार किती, जागा किती लागेल, एवढा हिशेब तो नक्की मांडून देईल. आम्हीही आमच्या ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ