दुप्पट गोल

अंधेरी-बोरिवलीकडे जाळीने वेढलेल्या छोट्या कृत्रिम मैदानांवर तरुण-तरुणी एकत्र फुटबॉल खेळताना दिसतात, हे मला मोठे आल्हाददायक वाटते. मात्र अशा मिश्र सामन्यांच्या नियमांत पुष्कळदा एक कलम असते, ते खटकते: मुलीचा एक गोल दोन धरावा! माझ्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, मी चेंडू एकदाच मारला, मग दोनदा का मोजला?” हेतू उदार खरा, पण या औदार्याने चेंडू पायाशी येण्यापूर्वीच मुलगी दुबळी ठरते.

याउलट, संघात ठरावीक मुली मैदानावर असल्याच पाहिजेत, घसरत जाऊन कोणी चेंडू हिरावू नये, हे नियम मला न्याय्य वाटतात. पहिला जागा देतो. दुसरा सर्वांचेच पाय सांभाळतो. १९२१ साली इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या सभासद-संघांची मैदाने स्त्रियांना बंद केली, ती सुमारे पन्नास वर्षे! त्यांना हवे होते मैदान, गुणांची खिरापत नव्हे. १९०२ मध्ये एका डच शिक्षकाने रचलेल्या कॉर्फबॉलमध्ये चार स्त्रिया, चार पुरुष असतात. गोल मात्र कोणाचाही एकच. समतेचा हिशेब असाच सरळ असावा.