नातीचा दुसरीचा अभ्यास



आमच्या ड्रोहेडात मुलं आधी ज्युनियर आणि सीनियर इन्फंट्स करतात, मग पहिली ते सहावी. माझी नात यंदा दुसरीत आहे. तिचा गृहपाठ मी घेते, म्हणजे खरं तर मीच शिकते.

इथे वहीला 'कॉपी' म्हणतात. "आजी, टीचरने माझी कॉपी बघितली, छान म्हणाली," असं ती पहिल्यांदा बोलली तेव्हा मी चाटच पडले. आमच्या वेळी कॉपी सापडली की छडी मिळायची.

वाचन इंग्रजी आणि आयरिश अशा दोन भाषांत. आयरिशमध्ये बी आणि एच लिहून वाचायचं 'व'! पण एक गोष्ट मला लगेच कळली. अक्षरावर तिरकी रेघ देतात, तिला 'फादा' म्हणतात, म्हणजे लांब. 'फॅर' म्हणजे पुरुष, त्यातल्या ई या इंग्रजी अक्षरावर फादा दिला की 'फेर', म्हणजे गवत. अहो, हे तर आपलं ऱ्हस्व-दीर्घ! मी तिला 'शिर' आणि 'शीर' लिहून दाखवलं. शीर शोधण्यात माझा नर्सिंगचा जन्म गेला. आणि शिर म्हणाल तर इथल्या सेंट पीटर चर्चमध्ये संत ऑलिव्हर प्लंकेटचं शिर काचेआड ठेवलेलं आहे. त्याला 1681 साली लंडनला मारलं. त्यामुळे ऱ्हस्व शिर तिच्या पक्कं लक्षात राहिलं.

दुसरीचं वर्ष आमच्यासाठी जरा नाजूक. इथल्या बहुतेक प्राथमिक शाळा कॅथलिक आहेत, तिचीही. आणि कॅथलिक मुलांचा फर्स्ट कम्युनियनचा विधी याच वर्षी होतो. धर्माच्या तासाला न बसण्याचा हक्क आयर्लंडच्या राज्यघटनेनेच दिलाय, म्हणून तेवढा वेळ ती मागच्या बाकावर चित्रं रंगवायची. पुढे सगळ्या मुलींचं पांढऱ्या फ्रॉकचं बोलणं चालू. एक दिवस मला म्हणाली, "आजी, मला पण कसली तरी तयारी करायला दे ना." पोटात गलबललं. मग टीचरला विचारून बाराखडी दिली. आता त्या तासाला ती 'क का कि की' गिरवते. शेजारणीचं नाव मराठीत लिहून दिलं, तेव्हापासून बाकीच्यांनाही आपापलं नाव हवंय.

इतिहासात दुसरीला लढाया फारशा नाहीत. सुरुवात 'मी आणि माझं कुटुंब' इथून. घरच्या मोठ्यांना विचारायचं आणि लिहायचं. या देशात हे जुनं आहे. 1937 ते 1939 या काळात सुमारे 50,000 शाळकरी मुलांनी म्हाताऱ्यांकडून गोष्टी, घरगुती औषधं, सणवार लिहून घेतले. त्या वह्या जपून ठेवल्यात, आता इंटरनेटवर कुणीही वाचावं.

मला प्रश्न आला, तुझी शाळा कोणती? सांगितलं, मुंबईला माझगावात. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 साली आपल्या बेने इस्राएल मुलांसाठी सुरू केलेली, पुढे तिला सर एली कदूरी यांचं नाव मिळालं. पाटीवर लिहायचो आणि थुंकीने पुसायचो. (हे तिने मोठ्या अक्षरात लिहिलं!) मग कोकणातले पूर्वज सांगितले. तेल गाळायचे, शब्बाथला घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक 'शनिवार तेली' म्हणत. वर्गात कुणीतरी विचारलं, रविवारी का नाही बंद? टीचरने तिलाच पुढे बोलावलं. मागच्या बाकावरून उठून ती फळ्यापाशी गेली आणि शब्बाथ म्हणजे काय ते सांगून आली. घरी आल्यावर दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आता तिला घाण्याचं चित्र काढायचंय. मला त्यात फक्त बैल माहीत. नवगाव, अलिबाग, रेवदंड्याकडच्या कुणी घाणा डोळ्यांनी पाहिला असेल, तर तो कसा चालायचा ते बुलेटिनच्या पत्त्यावर लिहून पाठवावं. अक्षर मोठं काढा आणि जोडाक्षरं कमी ठेवा. ती स्वतः वाचणार आहे आणि अजून जोडाक्षरांपर्यंत पोचलेली नाही.