मोतीचा डबा

घरात कुत्रं किंवा मांजर येतं ते बहुधा मुलांच्या हट्टाने. त्याला दूध कोण घालणार, फिरवून कोण आणणार, यावर भरपूर चर्चा होते. पण ते आजारी पडलं तर न्यायचं कुठे आणि पैसे कोणत्या डब्यातून काढायचे, हे कुणीच विचारत नाही. तो प्रश्न शेवटी येतो आपल्याच पदरात, आणि तोही नेमका रविवारी रात्री!

म्हणून मैत्रिणींनो, पिल्लू आणण्याआधी डॉक्टर शोधा. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तो गुराढोरांचा म्हणून आपण तिकडे फिरकत नाही. पण कुत्र्यामांजरांनाही तिथे तपासतात आणि फी अगदी माफक. डॉक्टरांना खेड्यांत फिरतीवर जावं लागतं, तेव्हा त्यांची वेळ आधी विचारून ठेवावी. खाजगी डॉक्टर हवा असेल तर आपल्या गवळ्याला विचारा. कुणाच्या हाताला गुण आहे, रात्री हाक मारली तर कोण येतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? दवाखान्यात गेल्यावर संकोच करू नका. पदवी आणि नोंदणी आहे ना, सुट्टीच्या दिवशी कोण बघतं, घरी येण्याचे किती घेता, रक्ततपासणी इथेच होते की जिल्ह्याच्या गावी जावं लागतं, हे विचारून वहीत लिहून ठेवा.

आता खर्चाचं. काही खर्च ठरलेला असतो. पिल्लू दीड-दोन महिन्यांचं झालं की लसी सुरू होतात. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी. शिवाय जंतांचं औषध, गोचिडांचं औषध. मादी असेल तर पिलं न होण्याची शस्त्रक्रिया एकदाच करावी लागते. त्याने गर्भाशयात पू होण्याचा धोकाही टळतो. रेबीजच्या लशीत मात्र काटकसर नकोच. लक्षणं दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ कुणालाच सोडत नाही. कुत्रं चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि लगेच डॉक्टर गाठावा. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. त्या सुमारास कित्येक ठिकाणी मोफत लस टोचतात, तेवढी चौकशी ठेवावी.

दुसरा खर्च न सांगता येणारा. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, पगार बेताचाच. मोती आला त्या महिन्यापासून त्यातले ४०० रुपये मी वेगळ्या डब्यात टाकते. “कुत्र्याचा प्रॉव्हिडंट फंड काढलास की काय?” ह्यांनी थट्टा केली. सासूबाई म्हणाल्या, “आमच्या वाड्यातली कुत्री भाकरतुकड्यावर जगली.” जगली खरी, पण मेली किती, ते कुणी मोजलं नाही, असं माझ्या मनात आलं.

गेल्या पावसाळ्यात मोतीने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. हिरड्या पांढऱ्याफटक. गोचिडांमुळे येणारा ताप निघाला. तपासणी, सलाईन, औषधं मिळून ५,२०० रुपये झाले, आणि महिनाअखेर! डबा नसता तर “एका कुत्र्यापायी एवढे?” हा प्रश्न दहा वर्षांच्या लेकीसमोर निघाला असता आणि त्याचं उत्तरही तिने ऐकलं असतं. डबा रिकामा झाला, पण घरात शब्दाला शब्द वाढला नाही. मोतीला भाताची पेज भरवायला सासूबाईच बसल्या होत्या.

आणखी एक. आपल्या डब्यातली तापाची गोळी मुक्या जनावराला कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराच्या जिवावर बेतू शकते.

मुलांच्या हट्टाला ‘हो’ म्हणण्याआधी एकदा हिशेबाची वही उघडा. आकडा जमत असेल तर पिल्लू खुशाल आणा. जमत नसेल तर दारच्या मांजरीला वाटीभर दूध-भात घालून तूर्त ‘नाही’ म्हणा. त्या ‘नाही’तही मायाच असते.